वजनकाटा, वाटी आणि बादली: घनता, दाब आणि प्लावक बल स्वतः मोजून शिका

घनता, दाब आणि प्लावक बल शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या डोक्यात हे तीन विषय तीन वेगळ्या खणांत पडून राहतात. घनतेचे सूत्र एक, दाबाचे दुसरे, आणि आर्किमिडीजचे तत्त्व तर थेट पाठच. खरे तर या तिन्हींचा धागा एकच आहे. पाण्याला वजन आहे, म्हणून खोल जावे तसा दाब वाढतो. दाब खालच्या बाजूला जास्त आणि वरच्या बाजूला कमी, म्हणून बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलते. हे वर ढकलणे म्हणजेच प्लावक बल. किती ढकलते, ते पाण्याच्या घनतेवर ठरते. हा धागा हाती लागला की सूत्रे पाठ करावी लागत नाहीत, गरज पडेल तेव्हा मांडता येतात.

तो हाती लागण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मोजणे. हा लेख नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे: आठवी-नववीची मुले, त्यांना शिकवणारे पालक आणि शिक्षक, किंवा शाळा सुटून खूप वर्षे झालेले कुणीही. पायऱ्या मात्र दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढची मागचीवर उभी आहे.

सामान घरातलेच आहे. १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वरचा भाग कापून टाकलेली दोन लिटरची पारदर्शक बाटली, दोरा, मोजपट्टी, स्टीलची वाटी, घट्ट झाकणाची छोटी गोल डबी, थोडी वाळू, मीठ आणि एक बटाटा.

पायरी १: घनता मोजा

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. वस्तुमान काट्यावर कळते, अडचण असते ती आकारमानाची. बटाट्याची लांबी, रुंदी, उंची कुठली घेणार? काठोकाठ भरलेल्या भांड्यात बटाटा सोडून सांडलेले पाणी मोजायचे, हा पुस्तकातला उपाय. त्यात हमखास घोळ होतो. थोडे पाणी भांड्याच्या काठाला चिकटून राहते, थोडे बाहेरून ओघळते, आणि पाच-दहा मिलीलिटरचा फरक सहज पडतो.

त्यापेक्षा असे करा. कापलेल्या बाटलीत निम्म्यापर्यंत पाणी घ्या, ती काट्यावर ठेवा आणि बटण दाबून काटा शून्यावर आणा. आता बटाट्याला दोरा बांधा, दोरा हातात धरून बटाटा पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. हात स्थिर ठेवा आणि आकडा वाचा. जितके ग्रॅम दिसतील, तितके घनसेंटिमीटर बटाट्याचे आकारमान.

समजा बाहेर बटाट्याचे वजन १६० ग्रॅम भरले आणि बुडवल्यावर काट्याने १४८ दाखवले. घनता झाली १६० भागिले १४८, म्हणजे दर घनसेंटिमीटरला सुमारे १.०८ ग्रॅम. पाण्याची घनता १. बटाटा पाण्यात का बुडतो, आणि पुरेसे मीठ घातलेल्या पाण्यात का तरंगतो, ते या एका आकड्यात आले.

आकारमानाचा आकडा वजनकाटा कसा काय दाखवतो, हा प्रश्न पडायलाच हवा. त्याचे उत्तर तिसऱ्या पायरीत आहे. तोवर घरातल्या चार-पाच वस्तू अशा मोजून वहीत लिहा. सह्याद्रीच्या भागात राहत असाल तर काळ्या दगडाचा तुकडा जरूर घ्या. तो बेसॉल्ट असतो आणि त्याची घनता पाण्याच्या पावणेतीन ते तीनपट येते. भाजलेली वीट मोजायची असेल तर ती आधी कोरडी तोला, मग पाण्यात भिजवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा आणि त्यानंतरच आकारमान घ्या. वस्तू लाकडासारखी तरंगणारी असेल तर सुईच्या टोकाने तिला जेमतेम पाण्याखाली दाबून धरा. बोट बुडवू नका, नाहीतर काटा बोटाचेही आकारमान मोजेल.

अंदाज यावा म्हणून काही घनता, ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये: शेंगदाणा तेल सुमारे ०.९१, बर्फ ०.९२, समुद्राचे पाणी सुमारे १.०२५, लोखंड ७.९, पारा १३.६, सोने १९.३. हजाराने गुणले की हेच आकडे किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मिळतात.

सोन्याचा विषय निघाला की आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट आठवते आणि घरची अंगठी तपासायचा मोह होतो. तो आवरा. १० ग्रॅमच्या अंगठीचे आकारमान जेमतेम अर्धा घनसेंटिमीटर असते, आणि १ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्याला ते दिसतच नाही. त्यासाठी सराफाकडचा बारीक काटा लागतो, शिवाय दागिना खड्यांचा किंवा पोकळ नको.

पायरी २: दाब समजून घ्या

दाबाची सुरुवात पास्कल या एककाने करू नका. सुरुवातीला सोपे जाते ते हे: १ चौरस सेंटिमीटर तळ असलेला पाण्याचा उभा स्तंभ डोळ्यांसमोर आणा. तो १ सेंटिमीटर उंच असेल तर त्यात १ ग्रॅम पाणी आहे आणि त्याचा सगळा भार त्या तळावर आहे. म्हणजे दर सेंटिमीटर खोलीमागे, दर चौरस सेंटिमीटरवर १ ग्रॅमचा भार. पाच सेंटिमीटर खोलीवर ५ ग्रॅम. दहा मीटर खोलीवर १,००० ग्रॅम, म्हणजे १ किलो. प्लंबर ‘एक किलो प्रेशर’ म्हणतो ते हेच. पास्कलमध्ये हवे असेल तर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण ९८ पास्कल.

आता एका बाटलीला खिळ्याने एकाखाली एक तीन भोके पाडा, वर चिकटपट्टी लावा, बाटली पाण्याने भरा आणि पट्टी एकदम ओढा. हा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचे चित्र पुष्कळ ठिकाणी चुकीचे काढलेले असते. सर्वांत खालच्या भोकातली धार सर्वांत लांब पडताना दाखवतात. बाटली सपाट टेबलावर ठेवून करून पाहा. तळाजवळची धार वेगाने निघते, पण खाली पडायला तिला उंचीच मिळत नाही, म्हणून ती लवकर टेकते. सर्वांत लांब जाते ती पाण्याच्या निम्म्या उंचीजवळची धार. खालच्या भोकाशी दाब सर्वांत जास्त असतो हे खरेच आहे, पण तो धारेच्या वेगात दिसतो. तेच पाहायचे असेल तर बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवा आणि धारा जमिनीपर्यंत पडू द्या. मग खालची धार पुढे जाते. मुलांना टेबलावरचा प्रयोग दाखवून पुस्तकातले उत्तर लिहायला लावू नका. डोळ्यांना दिसते त्यावरचा त्यांचा विश्वास त्याने उडतो.

दाब खोलीवर ठरतो, पाणी किती आहे यावर नाही. बहुतेकांना हे ऐकायला पटते, पण घरात वागताना ते विसरतात. गच्चीवर ५०० लिटरच्या जागी २,००० लिटरची टाकी बसवली म्हणून शॉवरला जोर येत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपेक्षा किती उंच, एवढेच इथे कामाचे. टाकी स्टँडवर एक मीटर उचलली तर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम वाढतात, आणि वरच्या मजल्यावर जिथे मुळात दीड-दोनशेच असतात तिथे तो फरक लगेच जाणवतो. एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर, म्हणून प्रत्येक मजला खाली जाताना पाव किलोहून थोडा जास्त दाब वाढत जातो. हा हिशोब नळ बंद असतानाचा. पाणी वाहू लागले की अरुंद, गंजलेल्या पाइपात घर्षणाने त्यातला काही भाग खर्ची पडतो.

धरणाचेही तसेच. कोयना धरणाची उंची सुमारे १०३ मीटर आहे. तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर दहा किलोच्या आसपास दाब येतो तो या उंचीमुळे, मागे शिवसागर जलाशय किती किलोमीटर पसरला आहे त्यामुळे नाही. धरणाची भिंत खाली रुंद आणि वर निमुळती असते त्याचे एक मोठे कारण हेच.

गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन खांबांवर एकाच उंचीच्या खुणा करतो, तेव्हा तोही याच नियमावर विसंबतो. नळी मध्ये कितीही वळली, खाली लोंबली, तरी दोन्ही टोकांची पातळी एकच राहते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मात्र खूण चुकते, म्हणून पाणी भरताना तो आधी काढून टाकायचा.

आता हवेचा दाब. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.०३ किलो भार टाकते. इटलीत एव्हान्जेलिस्टा टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास दाखवले, की हा दाब नळीत ७६ सेंटिमीटर पारा तोलून धरतो. पाणी पाऱ्याच्या १३.६ पट हलके, म्हणून हवा पाण्याचा ७६ गुणिले १३.६ म्हणजे सुमारे १०.३ मीटरचा स्तंभ तोलू शकते. त्याहून एक बोटही जास्त नाही.

विहिरीवर पंप बसवणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. वर ठेवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण तो करतो एवढेच, की पाइपातली हवा कमी करतो. पाणी वर चढवते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा, आणि तिची ताकद १०.३ मीटरला संपते. घर्षण, पाण्याची वाफ, पाइपाच्या जोडातली गळती धरली तर व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. उंचावर आणखी कमी: सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला कागदावरची मर्यादासुद्धा ९ मीटरच्या खाली येते. पाणी त्याहून खोल गेले की जास्त हॉर्सपॉवरची मोटर आणून काही होत नाही. पंप विहिरीत खाली पाण्याजवळ उतरवावा लागतो, किंवा पाण्यातूनच वर ढकलणारा सबमर्सिबल घ्यावा लागतो. ढकलण्याला ही मर्यादा नाही.

पायरी ३: दाबातून प्लावक बल काढा

ही पायरी या लेखाचा गाभा आहे. इथे घाई करू नका.

गोल डबी वाळूने गच्च भरून झाकण लावा. समजा तिचा व्यास ६ सेंटिमीटर आणि उंची ५ सेंटिमीटर आहे. वरच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर, तळाचेही तितकेच. डबी पाण्यात अशी धरली, की वरचे पृष्ठ ३ सेंटिमीटर खोल आहे. मग तळ ८ सेंटिमीटर खोल आला. वरून खाली दाबणारा भार: ३ गुणिले २८, म्हणजे ८४ ग्रॅम. खालून वर ढकलणारा: ८ गुणिले २८, म्हणजे २२४ ग्रॅम. बाजूंनीही दाब आहे, पण समोरासमोरचे दाब एकमेकांना तोलतात. उरला फरक १४० ग्रॅम, वरच्या दिशेने. हेच प्लावक बल.

आता डबीचे आकारमान काढा: २८ गुणिले ५, म्हणजे १४० घनसेंटिमीटर. तेवढ्या पाण्याचे वजन १४० ग्रॅम. दोन्ही आकडे जुळले, आणि ते योगायोगाने जुळलेले नाहीत.

डबी आणखी खाली न्या. वरचे पृष्ठ १० सेंटिमीटरवर, तळ १५ वर. वरून २८०, खालून ४२०, फरक पुन्हा १४०. खोल गेल्यावर दाब वाढतो, प्लावक बल वाढत नाही. परीक्षेत सर्वांत जास्त मुले चुकतात ते इथेच.

मग काट्यावर तपासा. पाण्याची बाटली काट्यावर ठेवून शून्य करा, डबी दोऱ्याने बुडवा. आकडा १४० च्या आसपास येईल. झाकणाच्या कडेमुळे पाच-सात ग्रॅम जास्त दिसले तर चालेल, झाकणाखाली अडकलेला बुडबुडा मात्र आधी हलवून काढा. पहिल्या पायरीतला प्रश्न इथे सुटतो. पाणी डबीला १४० ग्रॅम भाराइतके वर ढकलते, तर डबी पाण्याला तितकेच खाली ढकलते, आणि काटा ते खालचे ढकलणे दाखवतो. डबीचे बाकीचे वजन तुमच्या हातातला दोरा पेलत असतो.

डबी सरळ उभी होती म्हणून हिशोब सोपा झाला. वेड्यावाकड्या बटाट्याचे काय? त्यासाठी एक सुंदर युक्तिवाद आहे. बटाटा काढून घेतला आणि त्याच जागी, त्याच आकाराचे पाणी आहे असे समजा. ते पाणी भोवतालच्या पाण्यात स्थिर राहते, वर जात नाही की खाली जात नाही. म्हणजे भोवतालचे पाणी त्याला बरोबर त्याच्या वजनाइतके वर उचलून धरत असले पाहिजे. भोवतालच्या पाण्याला आत काय आहे याचा पत्ता नसतो, ते फक्त त्या आकाराच्या पृष्ठावर दाबते. म्हणून आत बटाटा असो, दगड असो की सोने असो, वर ढकलणारे बल तेच. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने हेच सिद्ध केले. बाथटबच्या गोष्टीपेक्षा हा विचार कितीतरी मोठा आहे.

आणि एक अपवादासारखी दिसणारी गोष्ट. वस्तू तळाच्या चिखलात इतकी रुतली, की तिच्याखाली पाणी शिरतच नाही, तर खालून वर ढकलणारा दाब मिळत नाही. वरचे पाणी तर दाबतच असते. गाळात बसलेली होडी नुसती ओढून निघत नाही. तिला हलवून खाली पाणी शिरू दिले की ती सुटते.

पायरी ४: वाटी कधी बुडेल, ते आधी सांगा

स्टील पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, तरी वाटी तरंगते, कारण वाटी अधिक आतली हवा यांची मिळून घनता १ पेक्षा कमी असते. हे वाचू नका, मोजा. वाटी काट्यावर तोला, समजा ६० ग्रॅम. मग तिच्यात काठोकाठ किती पाणी मावते ते तोला, समजा १८० ग्रॅम. वाटी काठापर्यंत बुडेल तेव्हा ती १८० घनसेंटिमीटर अधिक स्वतःच्या धातूचे सुमारे ८, म्हणजे १८८ ग्रॅम पाणी बाजूला सारेल. त्यातून तिचे ६० वजा करा. साधारण १२८ ग्रॅम वाळू घातली की वाटी बुडायला हवी.

आकडा आधी कागदावर लिहा. मग बादलीत वाटी सोडून चमच्याने वाळू घाला, सगळीकडे सारखी पसरत जा. वाटी कलंडून आधीच बुडाली तर नियम चुकला नाही, वाळू एका बाजूला गेली. वाटी बुडाल्यावर वाळू गाळून तोलण्यापेक्षा सुरुवातीला ठरावीक वाळू घ्या आणि उरलेली तोला. आपण मांडलेला आकडा पाच-सात ग्रॅमच्या फरकाने खरा ठरताना पाहणे, यासारखा विज्ञानाचा दुसरा धडा नाही.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधतात, त्यामागे हाच हिशोब. छाती भरून श्वास घेतला की माणसाची घनता पाण्यापेक्षा जेमतेम कमी असते, त्यामुळे शरीर तरंगते पण नाक पाण्याबाहेर राहत नाही. डोके पूर्ण बाहेर ठेवायचे तर चार-पाच किलोचा जास्तीचा आधार हवा. पाच लिटरचा हलका, बंद डबा पूर्ण बुडाला की जवळपास तेवढाच आधार देतो. डब्याला बारीक भोक असेल तर हा आधार नकळत कमी होत जातो, म्हणून पाण्यात उतरण्याआधी डबा दाबून, बुडवून तपासावा, आणि शिकताना पट्टीचा पोहणारा जवळ हवाच.

पायरी ५: घनता मोजणारा काटा बनवा

जुन्या बॉलपेनची पारदर्शक, सगळीकडे सारख्या जाडीची नळी घ्या. एक टोक एम-सीलने पक्के बंद करा, आत थोडे बारीक खिळे किंवा छर्रे टाका, आणि नळी पाण्यात उभी तरंगेल, साधारण ९ सेंटिमीटर बुडेल, इतपत भार जमवा. वरचे टोकही बंद करा. पाण्याची पातळी जिथे येते तिथे खूण करा.

नळी तरंगते तेव्हा तिचे वजन आणि तिने सारलेल्या द्रवाचे वजन सारखे असते. म्हणून बुडालेली लांबी गुणिले घनता हा गुणाकार बदलत नाही. पाण्यात ९. मिठाच्या पूर्ण संपृक्त द्रावणाची घनता सुमारे १.२, तिथे ७.५ सेंटिमीटर बुडायला हवी. शेंगदाणा तेलात ९.९. पट्टीने तपासा.

आता ती दुधात सोडा. दुधाची घनता १.०३ च्या आसपास, म्हणजे नळी पाण्यापेक्षा फक्त अडीच मिलीमीटर वर येईल. एवढ्याशा फरकात पाणी घातले की नाही हे कसे ओळखणार? म्हणूनच खऱ्या लॅक्टोमीटरला, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाला, खाली मोठा फुगा आणि वर बारीक मान असते. मान बारीक, म्हणून द्रवाची घनता थोडी बदलली तरी ती बरीच वर-खाली होते. दूध संकलन केंद्रावर ‘डिग्री’ म्हणतात ती हीच: डिग्री २८ म्हणजे पाण्याच्या १.०२८ पट घनता.

केवळ डिग्रीवर दूध का घेत नाहीत, तेही आता उलगडेल. साय पाण्यापेक्षा हलकी असते. साय काढली की दुधाची घनता वाढते, पाणी घातले की कमी होते. दोन्ही केले तर डिग्री जागच्या जागी येते. म्हणून डिग्रीबरोबर फॅट तपासावीच लागते. तापमानही महत्त्वाचे: गरम दूध पातळ भासते आणि डिग्री कमी दाखवते, म्हणून लॅक्टोमीटरवर छापलेल्या तापमानालाच वाचन घ्यावे.

पायरी ६: शेतात वापरा

भाताचे बियाणे पेरण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढतात, तो घनतेचाच उपयोग आहे. प्रमाण ३ टक्के: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. या द्रावणाची घनता साधारण १.०२ होते. भरलेला दाणा त्याहून जड, तो तळाशी जातो. पोचट आणि रोगट दाण्यात पोकळी असल्याने तो वर येतो. साध्या पाण्यातही काही पोचट दाणे तरंगतात, पण काठावरचे, अर्धवट भरलेले दाणे खाली बसतात. मीठ त्यांनाही वर आणते.

मीठ पूर्ण विरघळवून मगच बियाणे सोडा, थोडे-थोडे करून, आणि हाताने ढवळा. दाण्याच्या तुसाला चिकटलेले बुडबुडे सुटले नाहीत तर चांगला दाणाही तरंगत राहतो आणि वाया जातो. दोन-चार मिनिटे पाणी शांत होऊ द्या, वरचे दाणे चाळणीने काढून टाका. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत २४ तास वाळवा.